अस्वलापुरते पिस्तूल

परळीच्या माणसाला परगावी गेल्यावर पूर्वी तीन प्रश्न ठरलेले असत. श्रावणात वैद्यनाथाच्या दर्शनाला रांग किती मोठी असते, वीज केंद्राची राख अजून अंगणात पडते का, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता देता आमचे केस पिकू लागले. अलीकडे त्यांत चौथ्या प्रश्नाची भर पडली आहे. चहाचा कप पुढे करून, आवाज जरा खाली आणून यजमान विचारतात, "तुमच्याकडे म्हणे घरोघर पिस्तुलं असतात?"

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या जिल्ह्यातल्या केज तालुक्यात एका सरपंचाचा निर्घृण खून झाला आणि त्यापाठोपाठ बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने मोजायला सगळा महाराष्ट्र बसला. आकडा बाराशेच्या वर गेला. कमरेला पिस्तूल लावून काढलेली, लग्नाच्या वरातीत हवेत बार उडवतानाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. २०२५ मध्ये शंभराहून अधिक परवाने रद्दही झाले; पण परवाना रद्द करता येतो, ख्याती रद्द करण्याचा अर्ज कुठे करायचा असतो हे मला अजून कळलेले नाही. मी खडू धरणारा माणूस. फार तर छडी, आणि तीही आता कायद्याने गेली. तरी परळीचा म्हटल्यावर लोक माझ्या सदऱ्याच्या उजव्या बाजूकडे पाहतात.

परक्यांचे सोडा. पण परवाच्या परवा भाऊबीजेला थोरल्या बहिणीकडे गेलो, तेव्हा जेवणे झाल्यावर भाच्याने मला ओसरीच्या कोपऱ्यात नेले आणि मोबाईल पुढे धरून अगदी गंभीरपणे विचारले, "मामा, अस्वलासाठी कोणतं घ्यावं? रिव्हॉल्व्हर का पिस्तूल?"

मी हसलो नाही. दुसऱ्या कोणत्याही घरात हसलो असतो.

आमची अक्का बुलढाणा जिल्ह्यात दिलेली आहे. बुलढाण्याहून खामगावकडे जाणारा रस्ता ज्या जंगलातून जातो ते ज्ञानगंगा अभयारण्य. अजिंठ्याच्या डोंगररांगेतले हे सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे रान. साग, सालई, अंजन यांचे, उन्हाळ्यात पार उघडे पडणारे. २०१९ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरातून निघालेला एक तरणा वाघ शेकडो कोस चालत येथे येऊन पोहोचला आणि हे नाव वर्तमानपत्रांत आले. पण वाघ पाहुणा. येथला खरा रहिवासी म्हणजे अस्वल. अक्काचे वावर या रानाच्या अंगाला लागून आहे. बांधाच्या अलीकडे हरभरा, पलीकडे सरकारचे जंगल, आणि मधल्या बांधावर बोरीची झाडे व वारुळे. बोरी आणि वारुळे ही दोन्ही अस्वलाची पंगत. म्हणजे कुंपण जे म्हणायचे तेच त्याचे ताट.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात दाजी रात्री मोटर चालू करायला निघाले होते. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. बॅटरीचा सेल उतरलेला, म्हणून ती वाचवत, पायवाट तोंडपाठ असल्याच्या भरवशावर ते अंधारातच चालले होते. हे त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितले आहे आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगतात. "लोहाराचा भाता चालावा तसा आवाज येत होता. मला वाटलं, कुणाची तरी मोटर हवा ओढतेय. बोरीला वळसा घातला आन् पाहतो तर समोर. इथून त्या खांबाइतकं. उभं राहिलं. माझ्याएवढं होतं. मग मला काही ठाऊक नाही."

तो भात्याचा आवाज वारूळ ओढण्याचा. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून, ओठांची नळी करून ते वाळवी अक्षरशः ओढून घेते, आणि तो आवाज चांगला शंभर पावलांवर ऐकू जातो. त्याची नजर अधू, कानही बेताचे. सारा भरवसा नाकावर. आणि नाक वारुळात खुपसलेले असले म्हणजे तेही कामाचे नाही. अशा वेळी माणूस दहा फुटांवर येऊन उभा राहिला की ते पळत नाही. हे जनावर वाघाच्या शेजारात वाढले आहे. वाघापुढून पळून वाचता येत नाही, तेव्हा उलटून अंगावर जायचे, हे त्याच्या रक्तात शेकडो पिढ्यांचे मुरलेले. मादी असली तर पिल्ले पाठीवर बसलेली असतात. ते माणसाला खायला येत नाही, भिऊन येते. आणि आले म्हणजे तोंडावर येते.

दाजींचा डावा डोळा गेला. गालाचा अर्धा भाग आणि कवटीवरची कातडी शिवून घ्यावी लागली. चार शस्त्रक्रिया झाल्या. शेजारच्या मळ्यात जागलीला असलेला म्हातारा रिकामा पत्र्याचा डबा बडवत, ओरडत धावला म्हणून माणूस हाती तरी लागला. आज दाजी उपरण्याचा पदर गालावरून घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. आपल्याच नातवंडांनी आधी घाबरून आईच्या मागे लपावे आणि मग आवाज ओळखून पुढे यावे, हे त्यांना फार लागते. ते बोलून दाखवत नाहीत. अक्का बोलते.

तेव्हा भाच्याच्या प्रश्नाला हसणे शक्य नव्हते. आता मोटरीला तो जातो. बापाच्या जागी चोवीस वर्षांचा मुलगा त्याच पायवाटेने रात्री अकराला जातो आणि अक्का ओसरीवर बसून राहते.

मला त्याने विचारायला कारणे दोन. एक तर मी परळीचा. दुसरे असे की माझ्या एका कादंबरीत नायक कमरेचे रिव्हॉल्व्हर काढतो आणि चाळीस पावलांवरून खलनायकाच्या हातातला कंदील फोडतो. भाच्याने ते पुस्तक दोनदा वाचले आहे. त्याला मी सांगून टाकले की बाबा, त्या प्रकरणाखेरीज माझा आणि रिव्हॉल्व्हरचा संबंध नाही. कादंबरीत नेम चुकत नाही, कारण कंदील मीच धरलेला असतो. पण दुपार मोकळी होती आणि दिवाळीच्या सुटीत मास्तरांना दुसरे काम नसते. मामा-भाचे आम्ही दोघे त्या मोबाईलवर डोके लावून बसलो.

मोबाईलमध्ये सगळी अमेरिका होती. तिकडे अलास्का, माँटाना या मुलखांत लोक पाठीवर तंबू बांधून आठ-आठ दिवस रानात फिरायला जातात. मौज म्हणून. तिकडची ग्रिझली अस्वले आपल्या अस्वलाच्या दुप्पट-तिप्पट वजनाची. त्यांच्यासाठी कमरेला कोणते हत्यार बांधावे यावर ही मंडळी, आपल्याकडे पुरणपोळी तुपाबरोबर की दुधाबरोबर यावर जसे बोलतात, तशी तास तास बोलतात. कोणी म्हणतो .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात गोळ्या सहाच, पण एकेक गोळी भक्कम, आणि चक्री अडकत नाही. कोणी म्हणतो दहा मिलिमीटरचे पिस्तूल घ्या. मुठीतच पंधरा गोळ्या बसतात. भाच्याचे मत चक्रीकडे झुकलेले होते. लहानपणी दिवाळीत त्याला मी टिकल्यांचे पिस्तूल नेऊन देत असे; ती गुंडाळी हमखास अडकायची आणि तो रडत माझ्याकडे यायचा. माणसाची मते कशी बनतात पहा.

पण गंमत अशी की त्याच तिकडच्या दोघा अभ्यासकांनी, टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी, अलास्कातले जुने प्रसंग गोळा करून मोजले आहेत. २०१२ मध्ये त्यांनी बंदुकांचा हिशेब मांडला. २६९ प्रसंग. त्यांत आढळले ते असे, की अस्वल अगदी जवळ आले असता बंदूक चालवणारे आणि जवळ असून न चालवणारे यांच्यात जखमी होण्याचे प्रमाण सारखेच. चालवायला सवड मिळालेल्यांना ती उपयोगी पडली. पण सवड मिळणे हाच मुळात प्रश्न. ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच तिच्यावर विसंबावे, असा त्यांचा सल्ला. त्याआधी २००८ मध्ये त्यांनीच तिखटाच्या फवाऱ्याचा हिशेब केला होता. मिरचीचा अर्क डब्यात दाबून भरलेला असतो, तो अस्वलाच्या तोंडावर सोडायचा. तो जवळ बाळगणाऱ्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना ओरखडा उठला नाही.

"मिरची तर आपल्या घरचीच आहे," अक्का आतून म्हणाली. ती सगळे ऐकत होती.

मी म्हटले, "अक्का, पण वारा उलटा असला तर शिंका कुणाला येतील?"

यावर दाजी हसले. हसताना त्यांचा हात गालाकडे जातो.

आता अमेरिकेतून आपल्या देशात येऊ. येथे .४४ मॅग्नमची चर्चा करणे म्हणजे रेशनच्या दुकानात काजूकतली मागणे. आपल्याकडे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारी कमरेची हत्यारे बहुतेक .३२ बोअरची, ९ मिलिमीटर वगैरे पोलीस आणि लष्करासाठी राखलेली. सरकारी कारखान्यात होणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर प्रसिद्ध आहे. कानपूरच्या कारखान्याने २०१४ च्या जानेवारीत 'निर्भीक' नावाचे एक हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलो, किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या त्या अभागी मुलीच्या आठवणीने ते नाव ठेवलेले, स्त्रियांच्या पर्समध्ये मावावे म्हणून केलेले. आता ही .३२ ची गोळी माणसापुरती आहे. शंभर-सव्वाशे किलोच्या, दाट झिपऱ्या केसांच्या, भीतीने वेड्या झालेल्या जनावराला ती अर्ध्या क्षणात थांबवील असे कोणीही जाणता सांगणार नाही. मग ते अस्वल जखमी होऊन रानात शिरणार. केनेथ अँडरसन या शिकाऱ्याने १९५७ च्या आपल्या पुस्तकात म्हैसूर मुलखातल्या एका अस्वलाची हकीकत दिली आहे. त्याने बारा माणसे मारली आणि आणखी दोन डझनांना फाडले होते. अँडरसनचा जन्म शिकारीत गेलेला, हातात रायफल. तरी त्याला ते एका खेपेत साधले नाही. आणि आमचा भाचा कृषी पदविकेचा.

आणि लांब कशाला? २०२० च्या नोव्हेंबरात आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्याने थोड्या दिवसांत तीन माणसे मारली. पिंजरे आले, ड्रोन आले, वनखात्याची पथकेच्या पथके आली. डिसेंबरात करमाळ्याच्या बाजूला एका निष्णात नेमबाजाने त्याला टिपले तेव्हा लोकांनी श्वास सोडला. त्या महिन्यात आमच्याकडेही पुष्कळांनी बंदुकीचा विषय काढला होता.

कायद्याचे पुस्तक मी मुद्दाम पाहिले. १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत आपल्या आजोबांसारखा शहाणा आहे. संरक्षणासाठी तो जिचे नाव घेतो ती वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची. पिस्तुलाचे तेथे नावही नाही. नाही म्हणजे मिळत नाही असे नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांना जिवाचा धोका पटवून द्यावा लागतो. त्यात पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. पण भाच्याच्या वाटेतला खरा खांब दुसऱ्याच कायद्यात निघाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. अभयारण्यात तर परवानगीवाचून हत्यार नेताच येत नाही. म्हणजे जेथे अस्वल आहे तेथेच अस्वलासाठी पिस्तूल मिळणे सर्वांत अवघड, आणि आमच्या परळीत, जेथे अस्वल औषधालाही सापडत नाही, तेथे मात्र ती कमरेकमरेला! यातून परळीकर कोणत्या जनावराला भितात याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हे ऐकून भाचा गप्प झाला आणि थोड्या वेळाने नाइलाजाने म्हणाला, "मामा, परवान्याशिवायही मिळतं म्हणतात. माझ्या ओळखीचा एक जण आहे. वीस-पंचवीस हजारांत."

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

मला त्या क्षणी जी भीती वाटली ती अस्वलाची नव्हती. गेली दोन वर्षे माझ्या वर्गातल्या नववी-दहावीच्या मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर मी फुलांऐवजी पिस्तुले काढलेली पाहत आलो आहे; आणि चांगली काढतात, चाप-बिप सगळे जागच्या जागी. गावठी कट्टा जवळ सापडला तर निदान दोन वर्षे, आणि पाचपर्यंत, हे मी त्याला सांगितले. कट्टा हातातच फुटतो हेही सांगितले. पण तो माझ्याकडे पाहत नव्हता, बापाकडे पाहत होता. तेव्हा दाजींनीच उपरणे गालावरून बाजूला केले. ते असे कधी करत नाहीत.

"हे बघ," ते म्हणाले, "माझ्या कमरेला तोफ असती तरी काय झालं असतं? माझे हात कुठं होते? तोंडावर होते. देवानं दोनच दिलेत. ते कमरेला नेले असते तर दुसराही डोळा गेला असता."

मग बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर पोरे फटाके वाजवत होती.

माझ्या मनात मात्र वेगळेच चालले होते. माझ्या वर्गाच्या खिडकीतून औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. अडीचशे-अडीचशे मेगावॅटचे तीन संच. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्यावाचून ते केंद्र बंद पडले होते, तेव्हा त्या धुराड्यांतून धूर नाही म्हणून गाव सुतकात असल्यासारखे वाटे. आम्ही राख खातो आणि वीज महाराष्ट्राला देतो, हा परळीकरांचा जुना अभिमान. ती वीज तारांतून फिरत फिरत अक्काच्या वावरात पोहोचते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. दिवसा कारखाने, दुकाने, पंखे. शेतकऱ्याची पाळी येते ती अस्वलाच्या वेळेला. जगात सगळ्यांची निजानीज झाली की जागे असतात दोघेच, एक वारूळ ओढणारा आणि एक पाणी ओढणारा. ते एकमेकांना भेटणार नाहीत तर काय होईल?

मी विचारले, "दिवसाची वीज असती तर तू रात्री गेला असतास का रे?"

"मला काय हौस आहे?"

सौर पंपाचा विषय त्या घरात निघालाच नव्हता असे नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने मागेल त्याला सौर कृषिपंप अशी योजना काढली. दहा टक्के रक्कम शेतकऱ्याने भरायची, बाकीची सरकारची. पण दाजींच्या आजारपणात पैसा गेला होता, आणि पिस्तुलासाठी कर्ज काढायला निघालेल्या मुलाला पंपाच्या दहा टक्क्यांचे मात्र जड वाटत होते. तरुण रक्ताला पाटीपेक्षा पिस्तूल शोभून दिसते, त्याला इलाज नाही. ओवाळणीचे पाकीट मी त्या वर्षी जरा जाड केले. अर्ज माझ्याच हातचा. मास्तरांचे अक्षर अशा वेळी कामी येते.

अर्थात पंप काही दुसऱ्या दिवशी येत नाही. त्या हिवाळ्यात रात्रीचे जाणे चालूच राहिले. त्यासाठी म्हाताऱ्या जागल्याने सुचवलेला उपाय केला. पूर्वी टपाल नेणारे हरकारे रानातून धावत, तेव्हा त्यांच्या काठीला घुंगरे बांधलेली असत. जनावराला दुरूनच कळावे की कोणी येत आहे, आणि त्याला बाजूला व्हायला अवधी मिळावा. अस्वलाला अवधी दिला की ते बहुधा निघून जाते. त्यालाही आपली काही हौस नसते. भाच्याने पोळ्याच्या साजातली बैलाची घुंगुरमाळ काढून काठीला गुंडाळली. बॅटरी नवी घेतली, डोक्याला बांधायची. एकट्याने जायचे नाही, बोलत जायचे, वारूळ आले की थांबून ऐकायचे. आरंभी त्याला लाज वाटे. मित्र त्याला वासुदेव म्हणू लागले. अक्काला मात्र ओसरीवर बसून त्या घुंगरांचा आवाज लांबवर जाताना आणि परत येताना ऐकू येई, आणि ती म्हणते की तेवढ्यावर तिची रात्र निघे.

पंप पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला बसला. यंदा मी गेलो तेव्हा हरभरा वीतभर वर आला होता आणि बोरीला फुलोरा होता. संध्याकाळी आम्ही ओसरीवर चिवडा खात बसलो होतो. बांधाच्या बाजूने भात्याचा आवाज आला. दाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. ते बराच वेळ ऐकत होते. भाचा काठीकडे हात नेत होता, तर ते म्हणाले, "बस. खाऊ दे त्याला. पाणी काय, उद्या दहा वाजता देऊ."